उरलेलें अन्न आणि त्याचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु रोज दोन वेळां पेटणाऱ्या चुलीलाहि इतिहास आहे, व तो तहनाम्यांहून पुष्कळ जुना आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ नंतरच्या वर्षांत उत्खनन केलें. तेथील सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत जे जळके दाणे सांपडले, त्यांत जवाबरोबर मसूर, कुळीथ आणि वालहि होते. वालाची उसळ नि कुळथाचें पिठलें यांची वंशावळ कोणत्याहि राजघराण्यास लाजविणारी आहे!

राजांनींहि या धान्यांस दूर लोटलें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासां’त वडे आणि डाळींच्या पिठांचा विदलपाक यांचें वर्णन आहे. मात्र श्रावणघेवडा, राजमा, भुईमूग आणि मिरची त्याच्या पाकशाळेंत नव्हतीं. तीं अमेरिका खंडांतलीं; कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तीं जगभर पसरलीं.

आतां शिळ्या अन्नाकडे वळूं. गीतेच्या सतराव्या अध्यायांत तें तामस ठरविलें आहे. तथापि मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तेलातुपानें युक्त असलेलें शिळें अन्न खाण्यास मोकळीक दिलेली आढळते. रात्रीच्या भाताला नि पोळीला फोडणी देणाऱ्या गृहिणीनें स्मृति वाचली असेल असें नाहीं. अन्न टाकवत नाहीं, एवढेंच तिला ठाऊक होतें. पुरणाच्या डाळीचें निथळलेलें पाणीहि तिनें टाकलें नाहीं. त्या कटाची तिनें आमटी केली. मटकी भिजवून तिला मोड आणले. कोरड्या दाण्यांत नांवापुरतेंच असणारें क जीवनसत्त्व मोड येतांना तयार होतें, हें शास्त्रानें मागाहून सांगितलें. श्रावणांतल्या शिळासप्तमीस तर चूल न पेटवितां आदल्या दिवशींचेंच अन्न खाण्याचा प्रघात पडला.

परंतु या काटकसरीची दुसरी बाजू सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. शिळें आधीं कोणाच्या पानांत पडे? घरांत बहुधा सर्वांमागून जेवणाऱ्या सुनेच्या. आणि गांवांत? गांवकीचीं कामें करून दारोदार भाकरी मागणें महार समाजाच्या वांट्यास आलें, आणि त्या उष्ट्या-शिळ्या तुकड्यांनाच हक्क असें गोंडस नांव मिळालें. १९२७ च्या मार्चमध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं असे तुकडे घेणें सोडून द्या, असें आपल्या बांधवांस बजाविलें. तेथें प्रश्न अन्नाच्या ताजेपणाचा नव्हता, माणसाच्या मानाचा होता.

आपल्या हातानें राखलेलें अन्न आपणच आवडीनें खाणें ही काटकसर होय. तेंच दुसऱ्याच्या पदरीं टाकणें ही काटकसर नव्हे. तेव्हां आपल्या घरीं सकाळीं फोडणीची पोळी होईल, त्या वेळीं ती सर्वांच्या पानांत सारखी वाढली जाते कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें. शिळ्या अन्नाच्या इतिहासापासून घ्यावयाचा धडा तो हाच.