द्वारघंटा रोहित्र

द्वारघंटा रोहित्र : घरातील मुख्य वीजपुरवठ्याचा विद्युत् दाब उतरवून तो दारावरील घंटेस योग्य व स्पर्शास निर्धोक अशा पातळीवर आणणारे लहान रोहित्र. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते १२० व्होल्टचा दाब १०, १६ किंवा २४ व्होल्टपर्यंत, तर ब्रिटनमध्ये २३० व्होल्टचा दाब बहुधा ८ किंवा १२ व्होल्टपर्यंत उतरविते. मुठीएवढ्या आकाराचे हे साधन माळ्यावर, तळघरात किंवा वीजफलकाजवळ बसविलेले असते व एकदा बसविल्यावर अनेक दशके त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दारावरील घंटेच्या बटनाच्या जागी छायाचित्रक बसविण्याचा प्रघात सुरू झाल्यावर मात्र त्याची निवड व जोडणी यांना नव्याने महत्त्व आले.

इतिहास : विद्युत् घंटेचा प्रारंभ विद्युत् चुंबकाच्या शोधाशी निगडित आहे. विल्यम स्टर्जन (१७८३–१८५०) यांनी १८२५ मध्ये विद्युत् चुंबक तयार केला. जोसेफ हेन्री (१७९७–१८७८) या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी त्यात मोठी सुधारणा केली आणि १८३१ मध्ये ऑल्बनी येथे सु. दीड किमी.पेक्षा अधिक लांबीच्या तारेतून प्रवाह पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखविली. पुढे प्रवाह आपोआप खंडित व पुन्हा सुरू करणारी योजना निघाली. विद्युत् चुंबकाने टोला ओढला की मंडल (विद्युत् प्रवाहाचा मार्ग) तुटते, स्प्रिंगने टोला मागे येतो व मंडल पुन्हा जुळते. या पुनरावृत्तीमुळे घंटा सतत खणखणत राहते.

अशा घंटेला वीज पुरविण्याचा प्रश्न झॉर्झ लक्लांशे (१८३९–८२) या फ्रेंच अभियंत्यांनी १८६६ मध्ये शोधून काढलेल्या विद्युत् घटाने बऱ्याच अंशी सुटला. जस्त, मँगॅनीज डाय-ऑक्साइड व नवसागराचा विद्राव यांवर चालणारा हा घट सु. १·५ व्होल्ट दाब देई. सतत प्रवाह घेतल्यास त्याचा दाब लवकर खाली येई. पण मध्ये विश्रांती मिळाल्यास तो पूर्ववत् होई. घंटेला दिवसातून काही क्षणच प्रवाह लागत असल्याने हा दोष तिच्या बाबतीत बाधक ठरला नाही. हॉटेले, कार्यालये व सधन घरे यांतील घंटा कित्येक वर्षे अशा घटांवर चालत. घटांतील विद्राव सुकणे व जस्ताची कांडी झिजणे यांमुळे त्यांची वारंवार निगा राखावी लागे.

रोहित्राचे मूलतत्त्व मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून सिद्ध केले होते. त्याचे व्यावहारिक रूप मात्र अर्धशतकानंतर आले. ल्यूस्यँ गोलार व जॉन गिब्ज यांनी १८८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात, तर बूडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील झिपेर्नोव्हस्की, ब्लाथी व डेरी यांनी १८८५ च्या सुमारास बंद गाभ्याची कार्यक्षम रोहित्रे बनविली. विल्यम स्टॅन्ली (१८५८–१९१६) यांनी मार्च १८८६ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे रोहित्रांच्या साहाय्याने प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाचे वाटप करून दाखविले. घरोघरी असा प्रवाह पोहोचल्यावर घंटेसाठी स्वतंत्र घट ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत लहान घंटा-रोहित्रे बाजारात आली.

यानंतरचा बदल आवाजात झाला. खणखणणाऱ्या घंटेच्या जागी १९३०–४० या दशकात दोन सुरांची घंटा लोकप्रिय झाली. हिच्यात परिनालिकेतील (नळीसारख्या वेटोळ्यातील) दट्ट्या बटन दाबताच एका पट्टीवर व बटन सोडताच स्प्रिंगने मागे येऊन दुसऱ्या पट्टीवर आदळतो. जुन्या खणखणत्या घंटेला १० व्होल्ट व ५ व्होल्ट-अँपिअर पुरेसे असत. नव्या घंटेसाठी १६ व्होल्ट व १० व्होल्ट-अँपिअरची रोहित्रे रूढ झाली. अमेरिकेतील असंख्य घरांत आजही हीच रोहित्रे आढळतात.

रचना व कार्य : पातळ पोलादी पत्र्यांच्या गाभ्यावर दोन निरोधित वेटोळी असतात. मुख्य पुरवठ्याला जोडलेल्या प्राथमिक वेटोळ्याचे वेढे द्वितीयक वेटोळ्याच्या वेढ्यांच्या जितके पट, तितक्या पटीने दाब उतरतो. १२० व्होल्टचे १६ व्होल्ट करण्यासाठी हे गुणोत्तर सु. ७·५ असावे लागते. दोन्ही वेटोळ्यांत विद्युतीय जोड नसून केवळ चुंबकीय जोड असल्यामुळे बटनाला स्पर्श करणारी व्यक्ती मुख्य पुरवठ्यापासून अलग राहते. [⟶ रोहित्र].

या रोहित्राचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची मर्यादित शक्ती. वेटोळ्यांचा संरोध मुद्दाम अधिक ठेवतात किंवा उष्णतेने तुटणारी वितळतार आत बसवितात. त्यामुळे दारापर्यंतच्या तारा एकमेकींस चिकटल्या, तरी आग लागण्याइतका प्रवाह वाहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेत अशा मंडलांना ‘दुसरा वर्ग’ अशी संज्ञा असून त्यांसाठी ३० व्होल्ट व १०० व्होल्ट-अँपिअर या सर्वसाधारण कमाल मर्यादा आहेत. या मर्यादांमुळेच घंटेची बारीक तार नळीविना भिंतीतून नेण्यास मुभा मिळते. घंटा व नादयंत्रे यांच्या रोहित्रांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या ६१५५८ या मानकमालेत स्वतंत्र भाग आहे.

व्हिडिओ घंटा : दाराबाहेरील व्यक्ती घरातून पाहण्याची कल्पना मरी व्हॅन ब्रिटन ब्राउन (१९२२–९९) या न्यूयॉर्कमधील परिचारिकेने मांडली. त्यांनी व त्यांचे पती ॲल्बर्ट ब्राउन यांनी १९६६ मध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला व ते २ डिसेंबर १९६९ रोजी मिळाले. दारातील छिद्रांमागे सरकणारा दूरचित्रवाणी छायाचित्रक, आत पडदा, दुरून उघडणारे कुलूप व धोक्याची सूचना देणारे बटन अशी ही योजना होती. आंतरजालाशी बिनतारी जोडलेल्या घंटा २०१३ च्या सुमारास विक्रीस आल्या. त्या वर्षी ‘डोअरबॉट’ या नावाने पुढे आलेल्या घंटेचे नाव नंतर ‘रिंग’ असे झाले आणि तिची उत्पादक कंपनी २०१८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली.

घंटा व छायाचित्रक यांच्या गरजा मुळातच भिन्न आहेत. घंटेला बटन दाबण्याच्या क्षणीच प्रवाह लागतो. छायाचित्रकाला अहोरात्र लागतो. रात्री अवरक्त दिवे लागले किंवा बिनतारी संदेश अधिक जोराने पाठवावा लागला, की ही मागणी वाढते. शिवाय जुन्या जोडणीत बटन, घंटा व रोहित्र ही एकाच एकसरी मंडलात असल्यामुळे छायाचित्रकाचा प्रवाह घंटेच्या वेटोळ्यातूनच जातो. प्रवाह अल्प असेल, तर घंटा मूक राहते. तो वाढला, तर घंटा गुणगुणते किंवा अवेळी वाजते. म्हणून घंटेच्या अग्रांवर समांतर असा उपमार्ग देणारा किंवा मंडल बदलणारा छोटा विभाग जोडण्यास उत्पादक सांगतात. बटन दाबल्यावर उपकरण स्वतःच्या अग्रांवर क्षणभर मंडल पूर्ण करून घंटा वाजविते. तेवढ्या वेळेपुरती शक्ती त्यातील लहान विद्युत् घट किंवा धारित्र पुरविते.

निवड : व्हिडिओ घंटांना सामान्यतः १६ ते २४ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब लागतो. दाबाइतकेच महत्त्व व्होल्ट-अँपिअर या शक्तिमानास आहे. १६ व्होल्ट व १० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र सु. ०·६ अँपिअर, तर १६ व्होल्ट व ३० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र सु. १·९ अँपिअर प्रवाह देऊ शकते. अनेक छायाचित्रकांसाठी १० व्होल्ट-अँपिअर ही किमान मर्यादा सांगितलेली असली, तरी घंटा वाजतानाची मागणी धरता ३० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र अधिक भरवशाचे असते. एकाच रोहित्रावर दोन दारे चालवायची असल्यास दोहोंच्या मागण्यांची बेरीज करावी लागते. शक्तिमान अधिक असल्याने उपकरणास इजा होत नाही, कारण ते गरजेपुरताच प्रवाह घेते. दाब मात्र मर्यादेबाहेर वाढविता येत नाही. १६ व्होल्टसाठी बनविलेल्या घंटेला २४ व्होल्ट दिल्यास तिचे वेटोळे तापून जळण्याचा संभव असतो. म्हणून छायाचित्रक व घंटा या दोहोंना चालेल असाच दाब निवडतात.

तारेची लांबी व जाडी हाही निर्णायक घटक आहे. अमेरिकन मापाच्या १८ क्रमांकाच्या (सु. १ मिमी. व्यासाच्या) तांब्याच्या तारेचा रोध दर किमी.स सु. २१ ओहम, तर २२ क्रमांकाच्या (सु. ०·६४ मिमी.) तारेचा सु. ५३ ओहम असतो. रोहित्रापासून दार २० मी. अंतरावर असल्यास जाण्यायेण्याची तार ४० मी. होते. तीतून १ अँपिअर प्रवाह जाताना पहिल्या तारेत सु. ०·८ व्होल्ट, तर दुसरीत सु. २·१ व्होल्ट दाब वाया जातो. बटन वाजत असूनही चित्र वारंवार तुटणे, रात्री उपकरण बंद पडणे इ. तक्रारींचे मूळ पुष्कळदा छायाचित्रकात नसून जीर्ण रोहित्रात किंवा बारीक तारेत असते. भाररहित स्थितीत मोजलेला दाब अंकित दाबापेक्षा जास्त येतो. त्यामुळे दाब भार असताना मोजणे योग्य ठरते.

जोडणी : रोहित्र बदलताना प्रथम त्या मंडलाचा खंडक बंद करून परीक्षकाने (टेस्टरने) पुरवठा थांबल्याची खात्री करतात. अमेरिकन पद्धतीत रोहित्र धातूच्या जोडपेटीच्या छिद्रात घट्ट बसवून त्याची काळी तार पुरवठ्याच्या काळ्या, पांढरी तार पांढऱ्या व हिरवी तार भूयोजनाच्या (अर्थिंगच्या) तारेस जोडतात. हे सर्व जोड पेटीच्या आत बंद राहणे आवश्यक असते. बाहेरील दोन स्क्रूंना घंटेच्या तारा जोडतात. प्रवाह प्रत्यावर्ती असल्याने त्यांचा क्रम उलटला तरी चालतो. कमी दाबाच्या तारा मुख्य पुरवठ्याच्या तारांबरोबर एकाच पेटीतून किंवा नळीतून नेणे निषिद्ध आहे, कारण निरोधक आवरण खराब झाल्यास दारावरील बटनापर्यंत पूर्ण दाब पोहोचू शकतो. मंडलात घंटा नसेल, तर काही उपकरणांना प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी रोधक जोडावा लागतो. तो न जोडल्यास उपकरण निकामी होते. प्राथमिक वेटोळे सदैव पुरवठ्याला जोडलेले असल्याने रोहित्र किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे. हात ठेवता न येण्याइतके तापणे किंवा जळका वास येणे ही बिघाडाची लक्षणे होत. सतत २ वॉट ऱ्हास होत असल्यास वर्षाकाठी सु. १७·५ किलोवॉट-तास वीज खर्ची पडते.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रासह भारतातील बहुसंख्य घरांत द्वारघंटा २३० व्होल्टच्या मुख्य पुरवठ्यावरच चालते आणि दाराबाहेरील बटन हे मुख्य दाबाचे स्विच असते. त्यामुळे कमी दाबाच्या पुरवठ्यासाठी बनविलेली व्हिडिओ घंटा जुने बटन काढून त्याच तारांना जोडल्यास उपकरण तत्काळ जळते व विजेचा झटका बसण्याचा धोका उत्पन्न होतो. येथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी बनविलेले स्वतंत्र रोहित्र बसवून नवी कमी दाबाची तार ओढणे किंवा पुनर्भारणक्षम घटावर चालणारे उपकरण वापरणे हेच पर्याय उरतात. अमेरिकेहून आणलेले १२० व्होल्टचे रोहित्र येथील पुरवठ्यास जोडता येत नाही. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घेणे इष्ट असते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येणाऱ्या प्रदेशांत, उदा., कोकणात, दारावर केवळ कमी दाब असणे विशेष हितावह ठरते.

अखंड वीजपुरवठ्यामुळे दारावरील साधन आगंतुकाची वर्दी देण्यापुरते राहिले नाही. ते रस्त्यावरील व शेजारच्या हालचालींचीही नोंद ठेवू लागले. ऑक्सफर्ड येथील एका न्यायालयाने २०२१ मध्ये अशा उपकरणांच्या वापराने शेजाऱ्याच्या वैयक्तिक माहितीसंबंधीच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला व दूरवरचे संभाषण टिपणारे ध्वनिमुद्रण अवाजवी ठरविले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ग्राहकांच्या चित्रफितींच्या अपुऱ्या संरक्षणाबद्दल रिंग कंपनीविरुद्ध कारवाई केली. तीत ५८ लाख डॉलर भरण्याची तडजोड झाली. अशा प्रकारे रोहित्राची निवड ही अभियांत्रिकीची बाब असली, तरी त्याने अहोरात्र जागे ठेवलेल्या छायाचित्रकाचा रोख कोठे असावा, हा प्रश्न कायद्याच्या व शेजारधर्माच्या कक्षेत येतो.