मातेरा : खडकात कोरलेले नगर

दक्षिण इटलीच्या बाझिलिकाता प्रांतातील मातेरा हे नगर ग्राविना नदीच्या खोल घळीच्या काठावर वसले आहे. येथील चुनखडक मऊ. त्यामुळे घरे बांधण्यापेक्षा कोरणेच सोयीचे ठरले. परिसरातील गुहांत अश्मयुगापासून मानवी वस्तीच्या खुणा आढळतात. 'सास्सी' या उतारावरील वस्त्यांत खालच्या घराचे छप्पर हाच वरच्या घराचा रस्ता असतो.

मध्ययुगात याच खडकात दीडशेच्या आसपास चर्च कोरली गेली. खोदीव गुहेत खांबांना भार पेलावा लागत नाही. तरीही कारागिरांनी बांधीव मंदिराप्रमाणे खांब आणि कमानी घडविल्या, भिंतींवर बायझंटाईन धाटणीची चित्रे रंगविली. दोन सास्सींमधील उंचवट्यावर मात्र तेराव्या शतकातील रोमनेस्क शैलीचे बांधीव कॅथेड्रल उभे आहे. त्याच्या दर्शनी भागातील सोळा आऱ्यांचे चक्राकार गवाक्ष लक्षवेधी आहे.

विसाव्या शतकात याच गुहांत माणसे व जनावरे एकत्र राहत. हिवतापाने मुले दगावत. कार्लो लेव्ही यांच्या १९४५ मधील पुस्तकाने ही दैन्यावस्था देशापुढे आणली. १९५२ च्या कायद्यान्वये सुमारे पंधरा हजार रहिवाशांना टप्प्याटप्प्याने नव्या वसाहतींत हलविण्यात आले. एकेकाळी राष्ट्रीय लाज ठरलेल्या या वस्तीला १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आता त्यांतील कित्येक गुहांत पर्यटकांसाठी हॉटेले थाटली आहेत.