चातुर्मासाचा नेम : सुरतेतल्या मराठी घरांसाठी माहिती

सुरत : आषाढ लागला की लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या खान्देशी घरांत एक प्रश्न हमखास निघतो, ‘यंदा काय सोडणार?’ नवसात आधी मागणं असतं, काम झालं की फेड. नेमात तसं नाही. चार महिने अमुक पाळीन, असं देवाला आपण होऊन कबूल करायचं, एवढंच. ख्रिस्ती बांधव ईस्टरआधी लेंटचे चाळीस दिवस पाळतात, त्यातही आवडीची एखादी गोष्ट सोडण्याची पद्धत आहे.

चातुर्मास आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत. २०२४ मध्ये तो १७ जुलै ते १२ नोव्हेंबर, म्हणजे ११९ दिवस होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि २९ जून ते २३ नोव्हेंबर असे तब्बल १४८ दिवस झाले. नेम धरण्याआधी अधिक महिना बघून घ्यावा तो यासाठी.

सुरतेत सुरुवातीचे दिवस गजबजलेले असतात. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीमातेचा जन्मदिवस, नवमीला आपली कांदेनवमी, मग एकादशी. शेजारच्या गुजराती मुलींचं अळणी खाण्याचं गौरीव्रतही त्याच एकादशीला बसतं. गुजराती आणि मराठी श्रावण एकाच दिवशी लागतो. उत्तर भारतीय शेजाऱ्यांचा मात्र पंधरा दिवस आधी. भिंतीवर गुजराती पंचांग असेल तर एक घोळ होतो. त्यांचं वर्ष दिवाळीनंतरच्या पाडव्याला बदलतं, त्यामुळे समाप्तीची ‘देवऊठी अगियारस’ नव्या पंचांगात शोधावी लागते.

कांदा-लसूण आणि वांगं सोडणं हा सर्वांत चालता नेम. जुन्या रीतीत श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात डाळी वर्ज्य. कुणी एकभुक्त राहतं, कुणी न बोलता जेवतं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतं. लूमवर बारा तासांची पाळी, त्यात दर पंधरवड्याला दिवस-रात्र बदलणार. अशा माणसानं एकभुक्त धरलं तर दुसऱ्याच आठवड्यात चक्कर यायची. त्यापेक्षा तंबाखूची पुडी सोडणं अवघड आहे, पण झेपणारं आहे. डबा करणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय खाण्याचा नेम धरू नये, हेही खरं. नेम एकाचा आणि दोन भाज्या तिला.

संकल्पाला भटजी लागतोच असं नाही. एकादशीला आंघोळ करून देवापुढे बसावं, हातात पाणी घेऊन काय पाळणार आणि कधीपर्यंत ते स्पष्ट म्हणावं, पाणी ताम्हनात सोडावं. ‘जमेल तसं करीन’ हा संकल्प होत नाही.

मोडला तर? धर्मशास्त्रात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्यात. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. म्हणजे शुगरवाल्यानं गोळी चुकवायचं कारण नाही. चुकून कांद्याची भजी खाल्ली गेली तर बरेच जण दुसऱ्या दिवशी उपास करून नेम पुढे चालू ठेवतात. ‘आता मोडलाच’ म्हणून सगळा सोडून देणारेही असतात, पण तशी काही सक्ती नाही.

समाप्तीला जे सोडलं ते दान करायचं असतं. गूळ सोडला तर गूळ, दूध सोडलं तर दूध. दिवाळीला गावी गेलेल्यांची कार्तिकी एकादशी कधी गावात, कधी परतीच्या गाडीत येते. दान दोन्हीकडे चालतं.