काचेवरचे थर

संगणकावर छायाचित्रे सजवणारी आपली मुले ‘लेयर’ हा शब्द किती सहज उच्चारतात! आकाश एका थरात, माणसे दुसऱ्यात. वरचा काढून टाकला तरी खालचा सुखरूप. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. कल्पना मात्र पणजोबांच्याही आधीची.

त्या काळची काच निळ्या रंगाला फार हळवी. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. म्हणून फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास लाटांची एक काच आणि ढगांची दुसरी अशा दोन काचा एकाच कागदावर छापल्या. इंग्लंडात रेलँडरने तर १८५७ मध्ये तीसहून अधिक काचांतून ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे चित्र रचले. एका आकृतीपुरता कागद उघडा ठेवायचा, बाकीचा झाकायचा, छापायचे. मग पुढची काच. शेवटची आकृती जरा सरकली, की आधीची सारी मेहनत पाण्यात! थर होते, पण मागे फिरायला वाट नव्हती.

पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच काचांतून मरणपंथाला लागलेली एक मुलगी दाखवली. लोक संतापले. इतके खाजगी दुःख कॅमेऱ्याने टिपावे? तेच चित्र कुंचल्याने रंगवले असते, तर कोणी ब्रही काढला नसता. रंगांना लोक कल्पना मानीत. काच मात्र साक्षीदार. आणि ती मुलगी? ती चांगली ठणठणीत होती.