सीमा ओलांडली की महागणारं इंटरनेट

आजचा भाग ऐकायला पर्यटनाचा वाटेल, पण आहे इतिहासाचाच.

युरोपच्या ग्रुप टूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, हा प्रसंग ओळखीचा निघेल. पॅरिसला उतरल्यावर एखाद्या दुकानातून प्रीपेड सिम घेतलं. त्यावर घरी व्हिडिओ कॉल झाले, फोटो पाठवून झाले. बेल्जियम झालं, जर्मनी झाली, नेट सगळीकडे चालू. मग बस ब्लॅक फॉरेस्टमधून ऱ्हाईनच्या धबधब्याकडे निघते, स्वित्झर्लंडची हद्द लागते आणि नेट गुल. मागच्या सीटवरच्या काकू म्हणतात, "डोंगर आहेत ना, रेंज नसेल." रेंज भरपूर असते हो. बंद पडलेला असतो एक कायदा. हा कायदा आला कसा, त्याची आज गोष्ट.

थोडं मागे जाऊ. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये कोपनहेगनमध्ये १३ युरोपीय देशांतल्या टेलिफोन कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. सगळ्यांनी मिळून एकच मोबाइल यंत्रणा उभारायची, ती म्हणजे जीएसएम. एकच फोन सगळ्या युरोपात चालावा ही कल्पना अशी मुळापासूनच होती. १९९२ मध्ये फिनलंडची सरकारी टेलिकॉम कंपनी आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात पहिला रोमिंग करार झाला. तुमचं सिम परक्या देशातल्या टॉवरला आपली ओळख सांगतं, तो टॉवर तुमच्या घरच्या कंपनीला विचारतो, "हा तुमचाच माणूस ना?", आणि होकार आला की फोन चालू. म्हणजे तांत्रिक प्रश्न १९९२ मध्येच सुटला होता. दराचा प्रश्न सुटायला त्यानंतर २५ वर्षं लागली.

का लागली? रोमिंगमध्ये पैसे दोनदा घेतले जातात. परक्या देशातली कंपनी तुमच्या कंपनीला घाऊक दराने बिल लावते. तुमची कंपनी त्यावर स्वतःचा नफा चढवून तुम्हाला किरकोळ दर लावते. आता सिम घेताना कोण बघतं हो, की ग्रीसमध्ये गेल्यावर काय दर पडेल? आपण घरचा महिन्याचा खर्च बघतो. आणि ग्रीसमध्ये उतरल्यावर तिथलं नेटवर्क बहुतेक वेळा आपण निवडत नाही, फोनच निवडतो. त्यामुळे तिथल्या कंपनीने दर उतरवले तरी तिच्याकडे जास्त गिऱ्हाइकं येतीलच असं नाही. मग ती कशाला उतरवेल? अडला हरी, असा सगळा मामला.

कुणी म्हणेल, एवढ्या लांबून डेटा आणायचा तर खर्च येणारच. यात थोडं तथ्य आहे. रोमिंगमध्ये तुमचा डेटा सहसा आधी घरच्या कंपनीकडे जातो. भारतातल्या सिमवर पॅरिसमध्ये उभं राहून आयफेल टॉवरचा रस्ता विचारलात, तर तो प्रश्न भारतात येऊन इंटरनेटवर जातो आणि उत्तर पुन्हा पॅरिसला पोचतं. गंमतच आहे. पण महागाईचं खरं कारण हे नव्हतं. ते पुढच्या आकड्यांवरून कळेल.

युरोपीय आयोगाने आधी स्पर्धा कायद्याचं हत्यार काढून पाहिलं. २००१ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या मोबाइल कंपन्यांच्या कचेऱ्यांवर अचानक तपासण्या झाल्या. २००४ आणि २००५ मध्ये आरोपपत्रं गेली. प्रकरणं रेंगाळली, दर हलले नाहीत.

मग या खात्याला आयुक्त मिळाल्या व्हिव्हियन रेडिंग. मूळच्या पत्रकार, आणि देश लक्झेंबर्ग. लक्झेंबर्ग म्हणजे असा देश, की कुठल्याही दिशेला तासभर गाडी हाकली की परदेश. माझ्या मते हा योगायोग फार महत्त्वाचा. मोठ्या देशातल्या नेत्याला रोमिंग म्हणजे सुट्टीतली चैन वाटली असती. लक्झेंबर्गच्या माणसाला तो रोजचा भुर्दंड होता. रेडिंगबाईंनी २००५ मध्ये सगळ्या कंपन्यांचे रोमिंग दर एका वेबसाइटवर मांडून टाकले, म्हणजे लाजेखातर तरी उतरतील. फारसे उतरले नाहीत. तेव्हा २००६ मध्ये त्यांनी सरळ कायद्याचा मसुदा आणला आणि ३० जून २००७ पासून तो लागू झाला: परदेशातून कॉल केला तर मिनिटाला जास्तीत जास्त ४९ सेंट, आलेला घेतला तर २४ सेंट, कर वेगळा.

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. व्होडाफोनसह चार बड्या कंपन्या कोर्टात गेल्या. घाऊक दराचं एक वेळ समजू, पण आम्ही आमच्या गिऱ्हाइकाला काय दर लावायचा हे ब्रसेल्सने का सांगावं, असा त्यांचा मुद्दा. ८ जून २०१० ला युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला: कायदा वैध आहे. नुसते घाऊक दर उतरवले तर ती बचत गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच याची खात्री नाही, हा त्यातला कळीचा तर्क.

पण तोवर जग बदललं होतं. स्मार्टफोन आले होते. कॉल आपण करतो तेव्हाच होतो, डेटा मात्र फोन स्वतःच खात बसतो. तुम्ही झोपलेले असता आणि फोन ईमेल उतरवतोय. बिलं हजारो युरोंची येऊ लागली. त्यावर १ जुलै २०१० पासून नियम आला: गिऱ्हाइकाने वेगळं सांगितलं नसेल तर रोमिंग डेटा ५० युरोंवर आपोआप थांबवायचा, आणि ८० टक्क्यांना इशारा द्यायचा. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत माणुसकीचा नियम. मी २०११ मध्ये जर्मनीत होतो, खिशात भारतातलं सिम. हा नियम मला लागू नव्हता. महिन्याभराने घरी आलेलं बिल बघून आईने विचारलं, "हे भाडं आहे का विमानाचं?"

डेटाच्या किरकोळ दरावर मर्यादा यायला २०१२ उजाडलं. एका एमबीला ७० सेंट. पुढच्या वर्षी ४५, त्याच्या पुढच्या वर्षी २०. आता हिशेब करा. ७० सेंटने एक जीबी म्हणजे ७०० युरोंच्या वर, आणि हा *उतरवलेला* दर. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच एका जीबीचा कमाल घाऊक दर ठरला ७ युरो ७० सेंट. केबल त्याच, समुद्र तोच.

१५ जून २०१७ ला रोमिंगचा जादा आकार संपला. शेवटचा टप्पा मात्र सोपा नव्हता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आयोगाने मसुदा काढला, की ही सवलत वर्षाला ९० दिवस. एवढी बोंब झाली, की अध्यक्ष युंकर यांनी काही दिवसांतच तो मागे घ्यायला लावला. घाऊक दरावरून तर देशादेशांत जुंपली. स्पेन, ग्रीस यांच्याकडे उन्हाळ्यात पर्यटकांची रीघ. पाहुण्यांचा डेटा आमच्या टॉवरवर, मग आम्हाला पुरेसे पैसे नकोत का? उलट फिनलंडमध्ये लोक घरी स्वस्तात अमर्याद डेटा वापरायचे. तेच लोक स्पेनला जाऊन तसाच वापरू लागले तर फिनिश कंपन्या बुडायच्या. शेवटी फिनलंडच्या कंपन्यांना थोडा जादा आकार लावायची खास परवानगी द्यावी लागली. दोघांचंही म्हणणं रास्त होतं, हे कबूल करायला हवं. स्वस्ताई कुणाच्या तरी खिशातून येतच होती.

कायद्याचं महत्त्व कळतं तो नसतो तिथे. ब्रिटन बाहेर पडला. कंपन्या आधी म्हणाल्या, दर वाढवायचा विचार नाही. २०२२ मध्ये ईई, व्होडाफोन आणि थ्री या तिघींनी नव्या गिऱ्हाइकांना युरोपात दिवसाचा आकार लावायला सुरुवात केली होती. आणि उलटं उदाहरण युक्रेनचं. त्याच २०२२ मध्ये युद्धातून पळून आलेल्यांसाठी दोन्हीकडच्या कंपन्यांनी स्वेच्छेने दर उतरवले, कारण फोन हाच घराशी उरलेला धागा होता. १ जानेवारी २०२६ पासून युक्रेन आणि मोल्दोव्हा रीतसर या व्यवस्थेत आले.

आपल्या भारतीय सिमला यातलं काहीच लागू नाही. पण पॅरिसमध्ये घेतलेलं सिम रोममध्ये चालतं ते याच कायद्याच्या जिवावर. प्रवासाची बरीच ई-सिमं म्हणजे तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं सिम, रोमिंगवर चाललेलं. घाऊक दर उतरले म्हणूनच तो धंदा परवडतो.

आणि स्वित्झर्लंड? तो युरोपीय संघात नाही, युरोपीय आर्थिक क्षेत्रातही नाही. काही कंपन्या आपणहून त्याला पॅकमध्ये घेतात, म्हणून सिम घेताना देशांची यादी वाचा. टूरची बस पुढे बहुतेक वाडुझला थांबते. लिश्टेनश्टाइन, चिमुकला देश, पण आर्थिक क्षेत्राचा सभासद. तिथे फोनने तिथलंच नेटवर्क पकडलं तर नेट परत येतं. डोंगर तिथेही आहेतच.