विकत आणलेली पिल्लं खुडूक कोंबडी आपली मानते का? ती रात्रीच का सोडायची?

हॅचरीतून आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. त्यासाठी बल्ब लावतात. पण रात्री वीज गेली की पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. घरात खुडूक कोंबडी असेल तर हीच ऊब विजेशिवाय मिळते. मात्र तिने पिल्लं स्वीकारायला हवीत.

कोंबडी खुडूक आहे हे कसं ओळखायचं?

ती अंडी देणं थांबवते, दिवसरात्र एकाच जागी बसते, हात नेला की पिसं फुगवून टोचते. दाण्यापाण्यासाठी दिवसातून एखाद-दोन वेळाच उठते. यामागे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक असतं. गावठी आणि असील कोंबड्यांमध्ये हा गुण टिकून आहे. लेगहॉर्नसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातींमध्ये तो जवळपास उरलेला नाही.

योग्य वेळ कोणती?

अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. त्यामुळे दोन-तीन आठवडे बसलेली कोंबडी पिल्लं सहज स्वीकारते. कालच बसलेली कोंबडी बिथरण्याची शक्यता जास्त.

पिल्लंही एक ते तीन दिवसांचीच हवीत. याच दिवसांत ती आईला ओळखायला शिकतात. मोठी पिल्लं कोंबडीच्या हाकेला येत नाहीत, पंखाखाली शिरत नाहीत.

पिल्लं कशी सोडायची?

- आधी कोंबडीच्या अंगावर उवा, पिसवा नाहीत ना, ते पाहा.
- पिल्लांना पाणी पाजा आणि उबेत ठेवा.
- अंधार पडल्यावर खालचं एक अंडं काढून त्या जागी एक पिल्लू सरकवा. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही आणि ती शांत असते.
- तिने हलका कुक-कुक आवाज काढला तर बाकीची पिल्लं सोडा आणि सगळी अंडी काढून घ्या.
- पंखाखाली मावतील तेवढीच पिल्लं द्या. गावठी कोंबडीला १० ते १२ पुरे. थंडीत त्याहून कमी.

खरी परीक्षा सकाळी

उजाडताना तिथे हजर राहा. कोंबडी डोक्यावर जोरात टोचत असेल किंवा पिल्लांना हाकलत असेल, तर ती लगेच उचला. काही मिनिटांतही पिल्लू मरू शकतं. म्हणून बल्बची सोय तयार असावीच. आधीच स्वतःची काही दिवसांची पिल्लं असलेली कोंबडी नवी पिल्लं बहुधा नाकारते.

पुढची काळजी

पहिले काही दिवस कोंबडी आणि पिल्लं इतर कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. कावळा, मांजर, मुंगूस यांच्यापासून जपा. पाण्याचं भांडं उथळ ठेवून त्यात खडे टाका, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. दोघांनाही पिल्लांचंच खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, त्याने पिल्लांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

आई मिळाली म्हणून लसीकरण टळत नाही. मरेक्सची लस हॅचरीत दिली होती का, ते विचारा. राणीखेत म्हणजेच मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात द्यावी लागते. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्या.

साधारण पाच-सहा आठवड्यांत पिल्लांना पुरेशी पिसं येतात. मग कोंबडी त्यांना दूर करते आणि पुन्हा अंडी द्यायला लागते.