अक्षयनीवी : प्राचीन महाराष्ट्रातील व्यापार, नफा आणि लोकहित

व्यापार हा लोभाचा मार्ग आणि धम्म हा त्यागाचा मार्ग. म्हणून या दोहोंचा मेळ बसणे शक्य नाही, अशी एक समजूत आपल्या समाजात रूढ आहे. व्यापाऱ्याने आधी धन मिळवावे, ते कसे मिळवले याची फारशी चौकशी कोणी करू नये, आणि पुढे त्यातील काही अंश दान करून त्याने पुण्य जोडावे, असा या समजुतीचा व्यवहारातील अर्थ होतो. सह्याद्रीच्या कुशीत कोरलेल्या बौद्ध लेण्यांतील शिलालेख लक्षपूर्वक वाचले असता मात्र निराळेच चित्र दिसते. त्या लेखांतून कारागिरांचा नफा, भिक्खुसंघाची गरज आणि दात्याची श्रद्धा ही तिन्ही एकाच व्यवहारात गुंफणारी एक संस्था आपल्यासमोर येते. तिचे नाव अक्षयनीवी. या संस्थेचे स्वरूप आणि आजच्या काळातील तिचा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

धम्मातील संपत्तिविचार

भगवान बुद्धांनी उपासकांना दारिद्र्याचा उपदेश केलेला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अपरिग्रह हा भिक्खूंचा नियम होता. गृहस्थासाठी सम्यक आजीविका सांगितलेली आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत, एक भाग उपभोगासाठी वापरावा, दोन भाग व्यवसायात घालावेत आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा, असे सांगितले आहे. मिळकतीचा निम्मा भाग पुन्हा उद्योगात घालण्याचा हा उपदेश व्यापाराला तुच्छ मानणाऱ्या परंपरेचा असू शकत नाही. त्याच सुत्तात धनसंचयासाठी मधमाशीची उपमा योजलेली आहे. मध गोळा करताना मधमाशी फुलाची हानी करीत नाही, हे या उपमेचे मर्म होय.

या विचाराला मर्यादेची चौकटही आहे. अंगुत्तरनिकायात उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे मिळवलेल्या नफ्याचा विनियोग कसा केला, एवढ्यावर बौद्ध नीती समाधान मानीत नाही. नफा कशातून मिळवला, हा तिचा पहिला प्रश्न आहे. कूटदन्त सुत्ताने राजालाही हाच धडा दिलेला आहे. राज्यातील चोऱ्या दंडाने थांबत नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन दिल्याने त्या थांबतात, असा त्या सुत्ताचा आशय आहे. भांडवल योग्य हातांत पोहोचविणे हेच लोकहिताचे कार्य होय, हा विचार येथे बीजरूपाने आढळतो. नाशिकच्या शिलालेखांत त्याचे व्यवहारातील रूप पाहावयास मिळते.

त्रिरश्मी पर्वतावरील व्यवहार

नाशिकनजीकच्या ज्या डोंगरातील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्याचे प्राचीन नाव त्रिरश्मी. तेथील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनिकाचा पुत्र शक उषवदात याने कोरविले आणि चारी दिशांच्या भिक्खुसंघाला अर्पण केले. नहपानाच्या कालनिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र हे लेख इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतील आहेत, याविषयी वाद नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आणि सेनार यांच्या परिश्रमांमुळे या लेखांचे वाचन अभ्यासकांना उपलब्ध झाले.

वर्ष ४२ च्या लेखात उषवदाताने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिल्याची नोंद आहे. अक्षयनीवी म्हणजे कधीही न सरणारे मूळधन. ही रक्कम त्याने संघाच्या हाती न देता गोवर्धन येथील विणकरांच्या, म्हणजे कोलिकांच्या, दोन श्रेणींकडे ठेवली. पहिल्या श्रेणीकडील २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ आणि दुसऱ्या श्रेणीकडील १००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत करावयाची नाही, केवळ तिच्या व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असेही लेखात नमूद आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वस्सावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. दुसऱ्या रकमेचे व्याज ‘कुशण’ या नावाच्या खर्चासाठी होते. या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

हा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. २००० कार्षापणांवर शेकडा १ प्रमाणे दरमहा २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ प्रमाणे लागणारी रक्कमही २४० च येते. एकही नाणे उणे नाही की अधिक नाही. दात्याने गरज आधी मोजली, तिला पुरेल एवढे व्याज काढले आणि त्यावरून मूळधन ठरविले, हे यावरून उघड होते. सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे तेथील दप्तरात नोंदविला गेला आणि त्यावर शिळेवरही कोरला गेला. ज्या डोंगरावर लाभार्थी राहत होते, तेथेच येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी हा करार आजही उभा आहे.

लाभ कोणाचा?

येथे असा प्रश्न उद्भवतो की, या व्यवहारात विणकरांचा लाभ कोणता? वरवर पाहता वर्षाकाठी शेकडा १२ व्याज देण्याचे ओझे त्यांच्या शिरावर आले, असे वाटेल. परंतु तत्कालीन दरांशी तुलना केली म्हणजे खरी स्थिती कळते. कौटिलीय अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा पण हा धर्म्य व्याजदर सांगितला असून व्यापारी कर्जासाठी ५, अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी १० आणि समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांसाठी २० पण असे चढते दर दिले आहेत. या मोजमापाने पाहता गोवर्धनच्या विणकरांना मिळालेला शेकडा १ किंवा पाऊण हा दर धर्म्य दराहूनही कमी होता. शिवाय हे भांडवल कोणताही सावकार परत मागू शकत नव्हता. सूत घेण्यासाठी, नवे माग उभारण्यासाठी आणि मंदीच्या दिवसांत तग धरण्यासाठी कारागिराला ज्या प्रकारचे भांडवल हवे असते, नेमके तेच त्यांना लाभले. व्याज फेडून उरलेला नफा श्रेणीचा होता.

संघाच्या दृष्टीनेही ही योजना उपकारक होती. सोनेरूपे स्वीकारण्यास भिक्खूंना विनयाची बंदी आहे. द्रव्य श्रेणीकडे राहिल्यामुळे संघाची गरज भागली आणि धन सांभाळण्याचा भार मात्र त्याच्यावर पडला नाही. श्रेणीवर विश्वास टाकता येत होता म्हणून दाता निश्चिंत होता. हा विश्वास टिकविण्यातच श्रेणीची पत होती, म्हणून श्रेणीही सावध होती. प्रामाणिकपणा आणि हितसंबंध यांनी येथे एकमेकांना आधार दिला. आमच्या मते या व्यवस्थेचे खरे बळ यातच आहे.

लेण्यांची स्थानेही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी ही सर्व स्थळे घाटमाथा आणि कोकणातील बंदरे यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांवर किंवा त्यांच्या निकट आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लेणी आणि व्यापारमार्ग यांचा हा संबंध आवर्जून दाखविला, आणि पुढे हिमांशु प्रभा राय यांनी १९८६ सालच्या ‘मॉनेस्टरी अँड गिल्ड’ या ग्रंथात विहार आणि श्रेणी यांच्या नात्याचा सविस्तर अभ्यास केला. कार्ल्याचे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीने पूर्ण केले. त्याच चैत्यात धेनुकाकट येथील एका गंधिकाचे आणि एका सुताराचेही दान नोंदलेले आहे. श्रीमंत श्रेष्ठी आणि हाताने काम करणारा कारागीर यांची नावे तेथे एकाच छताखाली वाचावयास मिळतात.

भैषज्य, पाणी आणि वृक्ष

पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्यकाळात विष्णुदत्ता या शक उपासिकेने त्रिरश्मीवरील संघातील आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी अक्षयनीवी ठेवली. तिने आपले धन एकाच श्रेणीकडे न ठेवता अनेक श्रेणींत वाटले. कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, १००० आणि जलयंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २००० कार्षापण दिले. तेल गाळणाऱ्या तिलपिषकांच्या श्रेणीचाही उल्लेख लेखात आहे. एक धंदा बुडाला तरी रुग्णाचे औषध थांबू नये, एवढे शहाणपण या वाटणीतून आपोआप साधले गेले. शिवाय मडकी, पाणी आणि तेल या सामान्य जनांच्या नित्य गरजा पुरविणारे हे व्यवसाय होते. या एका दानाच्या पाठीशी रुग्णसेवा आणि नित्योपयोगी उत्पादन ही दोन्ही उभी होती.

जुन्नरच्या लेखांत तर श्रेणी स्वतःच दाती झालेली दिसते. धान्य-व्यापाऱ्यांच्या, म्हणजे धंञिकांच्या, श्रेणीने तेथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान केली. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त या सोनाराने पोढी दिल्याचा लेख आहे. पावसाळ्यात कातळावरून वाहून जाणारे पाणी पन्हळींनी पोढ्यांत वळवून उन्हाळ्यापर्यंत पुरविण्याची कान्हेरीची व्यवस्था आजही पाहता येते. ज्या कातळावर विहीर खणणे दुष्कर, तेथे पाणी साठवून ठेवणे हे त्या काळी दानाचे श्रेष्ठ रूप मानले गेले, हे लक्षणीय आहे.

वृक्षांचाही विसर पडलेला नाही. उषवदाताने कापूर आहारातील चिखलपद्र गावी नारळाची ८००० झाडे दिल्याचे नाशिकचा लेख सांगतो. जुन्नरच्या एका लेखात कोणाचिक श्रेणीशी संबंधित अदुथुम या शक उपासकाने वडालिका गावातील २० निवर्तने आणि कटापुतक गावातील ९ निवर्तने जमीन दिल्याचे नमूद आहे. पहिल्या जमिनीबरोबर करंजाचा, दुसरीबरोबर वडाचा उल्लेख येतो. काही विद्वान यातून ही वृक्ष लावण्यासाठी दिलेली जमीन असा अर्थ घेतात, तर काही त्या वृक्षांपाशी असलेली शेते असा. पहिला अर्थ स्वीकारल्यास तो संयुत्तनिकायातील वनरोप सुत्ताशी सुसंगत ठरतो. कारण उपवने लावणाऱ्याचे, पूल बांधणाऱ्याचे आणि पाणपोई घालणाऱ्याचे पुण्य अहोरात्र वाढत राहते, असा त्या सुत्ताचा आशय आहे.

न कसलेले शेत

या उज्ज्वल नोंदींबरोबर एक अपयशाची नोंदही त्रिरश्मीवर आहे, आणि आमच्या दृष्टीने ती तितकीच मोलाची आहे. नहपानाचा पराभव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने राज्यवर्ष १८ मध्ये तेथील भिक्खूंना पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत दिले. सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, राजाने आपल्या मातेसह काढलेल्या आज्ञेत आधी दिलेल्या शेताची हकीकत आली आहे. ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतापैकी १०० निवर्तने देण्यात येत आहेत, असे ती आज्ञा सांगते.

राजाज्ञा होती, जमीन होती, उद्देशही शुद्ध होता. पण कसणारे हात नव्हते. ज्या दानामागे राबणारी आणि त्या राबण्यातून स्वतःचेही पोट भरणारी माणसे नाहीत, ते दान कागदावर किंवा शिळेवरच राहते. विणकरांच्या श्रेणीकडील योजना आणि ओसाड गावातील २०० निवर्तने यांच्यातील भेद हाच आहे. त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, सातवाहनांनी आपली चूक झाकली नाही. ती शिळेवर कोरून दुरुस्त केली.

आजच्या संदर्भात

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये ठराविक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. तिच्यामुळे शाळा, दवाखाने आणि जलसंधारणाच्या कामांना साहाय्य मिळते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु येथे नफा आधी आणि लोकहित नंतर, असा क्रम आहे. उरलेले ९८ टक्के कशातून आले, हा प्रश्न ते कलम विचारीत नाही. नदीत विषारी सांडपाणी सोडणाऱ्याने नदीकाठी उद्यान बांधून दिल्यास मधमाशीची उपमा सार्थ होत नाही.

श्रेणीच्या मार्गाच्या अधिक जवळ जाणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उत्पादकच मालक झाले आणि त्या परिसरात शिक्षण व आरोग्य यांच्या संस्था उभ्या राहिल्या. मात्र पुढे ऊस अवर्षणप्रवण भागांतही पसरला आणि पाण्याचा प्रश्न बिकट झाला. माणसांच्या गरजेचा विचार केला, पण भूमीच्या गरजेचा केला नाही, तर लोकहिताचे कार्यही अपुरे राहते. पोढी कोरणाऱ्यांनी आधी पाऊस मोजला होता, हे आपण विसरता कामा नये.

प्राचीन काळी सर्व व्यापार निर्मळ होता, असे आमचे म्हणणे नाही. उषवदाताच्या धनामागे क्षत्रपांच्या स्वाऱ्या आणि सत्ता होती; शिलालेख दात्याची बाजू सांगतात, मागावर बसलेल्या विणकराची नाही. तरीही अक्षयनीवीने एक गोष्ट सिद्ध केली आहे. गरज नेमकी मोजावी, भांडवल राबणाऱ्या हातांना स्वस्तात द्यावे, मूळधनाला हात लावू नये आणि सारा हिशेब लोकांसमोर मांडावा. या चार अटी पाळल्या तर नफा आणि लोकहित यांत वैर राहत नाही. आज सहकारी पतपेढ्या, बचत गट आणि उपासकांच्या संस्था चालविणाऱ्यांनी त्रिरश्मीचा तो लेख एकदा डोळ्यांनी पाहावा, आणि आपल्या संस्थेच्या हिशेबवहीत या चार अटींपैकी किती उतरल्या आहेत, हे स्वतःच तपासावे, अशी आमची विनंती आहे.